न बदललेले डक्ट

प्रिय ठमे,

घरात नवं मशीन बसलं. आईने तुला फोनवर सांगितलंच असेल, आणि एकदा नाही, दहादा. शेजारच्या काकूंना सांगितलं, औषधाच्या दुकानदाराला सांगितलं, काल तर चुकून लागलेल्या फोनवरच्या माणसालाही सांगितलं, की माझ्या धाकटीने हिवाळ्यात ऊब आणि उन्हाळ्यात गारवा, दोन्हीची सोय करून दिली. मी शेजारीच बसून तिच्या आठवड्याच्या गोळ्या डबीत भरत होते.

मला हे लागलं, ठमे. चांगलंच लागलं. बाबा गेल्यापासून अकरा वर्षं ते जुन्या मशीनचं धूड मी सांभाळलं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी स्टुलावर चढून जाळी काढायची, घासायची, वाळवून परत लावायची. थंडीत ते मध्येच गप्प झालं की डाव्या कोपऱ्यात मुठीने दोन ठोसे, मग तिसरा जरा प्रेमाने. हे माझ्याशिवाय कुणालाच जमत नसे. त्याबद्दल काकूंना कुणी काही सांगितल्याचं मला आठवत नाही. आणि लहानपणी गरम हवेच्या झडपेजवळची जागा कुणाची होती? तुझी. का, तर तुला सर्दी व्हायची. मला होत नसे, ही माझीच चूक. मी दाराशी बसून गृहपाठ केला, बोटं काखेत धरून.

ते धूड या थंडीच्या तोंडावर कायमचं बंद पडलं. डॉक्टरांनी तर बजावलंय की आईच्या छातीला गार खोली चालायची नाही. आपला मिशीवाला मेकॅनिक आला. बाबांच्या वेळेपासूनचा तो, त्याची पद्धत तुला माहीत नसेल. चहा पिता पिता तो प्रत्येक घरात विचारतो, की पैसे घरचेच देणार की बाहेरगावचं कुणी? घरचं असेल तर गरजेपुरतंच कोटेशन. बाहेरगावचं असेल तर सगळंच नवं. त्याच्या मते लांब राहणाऱ्यांना मोठा आकडा पाहिल्याशिवाय आपण काही केलं असं वाटत नाही.

खरा आकडा होता तीन लाख वीस हजार. तेवढे माझ्या ठेवीत होते. मी तोंड उघडणार, तोच आई म्हणाली की धाकटीला विचारू, ती नाही म्हणायची नाही. माझ्याकडे तिने साधं पाहिलंसुद्धा नाही. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी मेकॅनिकला जिन्यात गाठून सांगितलं, की बाहेरगावचं कोटेशन कर, पाचही खोल्यांत हवा नेणारे पत्र्याचे डक्ट बदलायचे म्हणून लिही. डक्ट ठणठणीत होते, मी स्वतः टॉर्च लावून पाहिले होते. आकडा झाला पाच लाख, आणि तो मी तुला पाठवला. तो पाहून तुझे डोळे पांढरे व्हावेत, तू म्हणावंस की ताई, एवढं नाही गं जमणार, आणि मी आईसमोर थाटात म्हणावं की राहू दे, मी बघते. ते वाक्य मी आरशासमोर म्हणून पाहिलं होतं. ऐकून आईचा चेहरा कसा होईल, तेही ठरवून ठेवलं होतं.

तू चाळीस मिनिटांत पाचच्या पाच लाख पाठवलेस. खाली एक ओळ, की ताई, तू पाहिलंयस म्हणजे बरोबरच असणार. त्या दिवशी मला तुझा जेवढा राग आला तेवढा आयुष्यात आला नव्हता. लबाडी करूनही मला तुझ्यापुढे जाता आलं नाही.

मग गेल्या रविवारचा व्हिडिओ कॉल. आई तुला कौतुकाने नवा रिमोट दाखवत होती. तुझ्या डोक्यावर लोकरीची टोपी. म्हणालीस, आत्ताच बाहेरून आले. पण तुझ्या मागे पोरगी कोट घालून चित्रं रंगवत होती, एका हातात हातमोजा तसाच. आणि तुझ्या घरातून मशीनचा आवाज येत नव्हता. त्या घरघरीबरोबर मी जन्म काढलाय, ती बंद असलेलं घर मला कानाने कळतं. दुसऱ्या दिवशी तुझ्या नवऱ्याला फोन केला. त्याच्या पोटात काही राहत नाही, हे तुला माहीत आहेच. तुमचं मशीन दोन महिने बंद आहे. ते बदलायला साठवलेले पैसे तू मला पाठवलेस.

म्हणून हे पत्र. फोनवर तू मला वाक्य पुरं करू दिलं नसतंस. डक्ट जुनेच आहेत. त्यांचे एक लाख ऐंशी हजार तुझ्या खात्यात परत गेलेत, आणि माझ्या ठेवीतले तीन लाख वीस हजारही. आधी तुझं घर गरम कर, पोरीचे हात बघ. आईला यातलं काही सांगू नकोस. तिच्या तोंडी धाकटीच राहू दे, मी गोळ्या भरत ऐकून घेईन. फक्त एकदा, ठमे, तिच्याशी बोलता बोलता सहज विचार, की नव्या मशीनची जाळी आता कोण घासतं.

तुझीच,
तुझ्यावर अजूनही जळणारी,
ताई