सहा तासांच्या आत

६ जुलै, सोमवार
सकाळी सकाळीच मानांग पुरिंग दवाखान्यात! 'नर्सबाई, शाळेत तुम्ही पोरांना ते शिकवणार म्हणे?' 'ते' म्हणजे काय, हे काही त्यांच्या तोंडून निघेना.

मी म्हटलं, 'पाळी, गर्भ कसा राहतो, कसा टाळायचा, आजार. आणि कुठे दुखलं तर लपवायचं नाही, हे.'

'माझी नऊ बाळंतपणं झाली. मला कुणी शिकवलं होतं?'

चर्चच्या महिला मंडळाच्या त्या अध्यक्ष, सगळ्या बेटाच्या 'मानांग', म्हणजे ताई. बेटावर त्यांचा शब्द खाली पडत नाही. गेल्या वर्षी मी सोळाच्या आतल्या तीन मुलींची बाळंतपणं केली. एकीला तर पाचव्या महिन्यापर्यंत काही ठाऊकच नव्हतं! तेही सांगितलं. 'म्हणूनच तर!' म्हणाल्या आणि तरातरा गेल्या. म्हणूनच तर काय?

९ जुलै
मुख्याध्यापक एलीसेओ सर घाबरलेत. 'घ्या तास, पण एकच. आणि चित्रं नकोत.'
चित्रं नेणारच.

१४ जुलै
झाला तास! सव्वीस पोरं. चौघांना घरच्यांनी पाठवलंच नाही.

आधी नुसतं खिदळणं. मग मारिव्हेलने हात वर केला. 'मॅडम, नंतर समुद्रात पोहून आलं की दिवस जात नाहीत, खरं ना?' कुणीच हसलं नाही. म्हणजे सगळ्यांना तेच वाटत होतं! म्हटलं, साफ खोटं. मग खरं काय ते सांगितलं. पोरी भराभर लिहून घेत होत्या.

मुलांना बजावलं— अंडकोषात एकाएकी जोराची कळ आली तर लाजत बसू नका. आत पीळ पडतो, रक्त थांबतं. सहा तासांच्या आत इस्पितळ गाठायचं. उशीर झाला तर काढून टाकावा लागतो.

मागच्या बाकावरून रेनांते— 'मॅडम, आमच्या झुंजीच्या कोंबड्यालाही सांगून ठेवतो!' वर्ग कोसळला. मीही हसले. मानांग पुरिंगचा नातू. चौदा वर्षांचा वात्रट!

१७ जुलै
तासाविरुद्ध शाळेकडे अर्ज गेला. एक्केचाळीस सह्या. पहिली पुरिंगची. पुढचा तास रद्द.

१ ऑगस्ट


सकाळी साडेसातला रेनांते दारात. पांढराफटक, कमरेत वाकलेला. मागून त्याची लोला, म्हणजे आजी, पुरिंग धापा टाकत— 'पोट बिघडलंय, पाला लावते म्हटलं तर ऐकेना!'

'पोट नाही, लोला! मॅडमनी सांगितलं तेच आहे! सहा तास असतात, त्यातले दोन गेले!'

तपासलं. तेच होतं.

समुद्र खवळलेला. होडीवाला नाही म्हणाला. पुरिंग गुडघाभर पाण्यात शिरल्या आणि त्याला असं काही फैलावर घेतलं, की त्याने मुकाट्याने इंजिन सुरू केलं! मोठ्या बेटावरच्या इस्पितळात पोचलो तेव्हा दहा वाजले होते. लगेच ऑपरेशन.

डॉक्टर बाहेर आले. 'अंडकोष वाचला. तासाभरात काळा पडला असता. पोरं सांगतच नाहीत हो, लाजतात. याला कुणी शिकवलं?'

पुरिंगने जपमाळ गुंडाळली. माझ्याकडे बोट केलं.

८ ऑगस्ट
पालकसभा. शाळा गच्च! एलीसेओ सर घसा खाकरताहेत तोवर मानांग पुरिंग उभ्या. 'त्या अर्जावर पहिली सही माझी होती. खोडा ती. आणि नर्सबाई, चित्रं जरा मोठी काढा. मागच्या बाकावरून दिसत नाहीत म्हणतो आमचा.'

टाळ्या! बाकीच्या चाळीसजणांनी एकमेकांची तोंडं पाहिली आणि त्यांनीही वाजवल्या! एलीसेओ सर लगेच— 'मी तर पहिल्यापासून म्हणत होतो!'

आता दर महिन्याला तास. चित्रांसकट!

१२ ऑगस्ट
तीसच्या तीस हजर. रेनांते पहिल्या बाकावर. प्रश्नच संपेनात! घरी आले ती गाणं म्हणतच.

२० ऑगस्ट
दुपारी दवाखाना रिकामा होईपर्यंत मानांग पुरिंग बाहेर थांबल्या. आत आल्या, दार लोटलं. 'नर्सबाई, पाळी जाऊन बारा वर्षं झाली माझी. दोन वर्षांपासून पुन्हा रक्त जातंय. कुणाला बोलले नाही. तुम्ही पोरांना शिकवता, त्यात हे येतं का हो?'

उद्याच्या पहिल्या होडीने आम्ही दोघी मोठ्या बेटावरच्या इस्पितळात निघतोय.