राळेखालची चरबी

४ ऑक्टोबर १८६४, मंगळवार

आपल्या दक्षिणेच्या फौजेचा लेफ्टनंट क्रंपलर सकाळीच बाबांच्या पिंपांच्या दुकानात उगवला. आता खारवलेल्या मासळीची पिंपं नकोत, सुरुंगाची हवीत. आत बंदुकीची दारू, दोन्ही टोकांना लाकडी टोप्या, वर ठिणगी पाडणाऱ्या कळा. खाली दगड बांधून नदीत बुडवून ठेवायची. उत्तरेकडच्या शत्रूची, यांकींची, बोट घासली की उडाली. "पाणसुरुंग," म्हणाला — जसं काही यानंच शोधून काढलाय.

बाबांनी फक्त विचारलं, "किती?"

"नदी अडेल इतकी."

"माझं पिंप गळत नाही," बाबा म्हणाले. झालं, ठरलं.

६ ऑक्टोबर, गुरुवार

आतून राळ द्यायचं काम माझ्याकडे. उकळती राळ ओतायची आणि पिंप गरगर फिरवायचं, म्हणजे फटीफटीत बसते. हाताला फोड आलेत. आयझॅम शेजारी पिंपांवर लोखंडी कडी ठोकत होता. तो हार्गेटांच्या मळ्यावरचा गुलाम, बाबांनी वर्षभरासाठी भाड्यानं घेतलाय. घाम त्याचा, भाडं हार्गेटांना. आणि त्याच्या जिवावर आमची चूल पेटते, हेही लिहून ठेवते.

बाबा बाहेर गेले तशी तो हातोडा न थांबवता म्हणाला, "ताईसाहेब, सायलसदादांचा पत्ता लागलाय. यांकींच्या बोटीवर आहेत. सुकाणापाशी उभं राहून त्यांना नदी दाखवतात."

माझा दादा! दोन वर्षांपूर्वी बाबांच्या तोंडावर म्हणाला, "माणसं विकणाऱ्यांसाठी मी मरणार नाही," आणि गेला. तेव्हापासून या घरात त्याचं नाव निघत नाही. जिवंत आहे तर. आणि ही नदी त्याच्याइतकी कुणाला ठाऊक? सगळ्यात पुढे तोच असणार. माझ्या पिंपांवर पहिला तोच येणार.

७ ऑक्टोबर

डोळ्याला डोळा नाही.

८ ऑक्टोबर, शनिवार

केलं. राळ ओतायच्या आधी एका फटीवर बोटानं चरबी फासली. चरबीवर राळ धरत नाही. वरून काही दिसत नाही, आणि क्रंपलर प्रत्येक पिंप हौदात रात्रभर बुडवून बघतो तेवढा वेळ तगही धरते. पण आठवडाभर नदीत राहिलं की चरबी सुटेल, पाणी आत शिरेल, दारूचा चिखल होईल.

सापडलं तर? मला कोण विचारतंय. पिंपावर छाप बाबांचा आहे. फाशी बाबांनाच.

९ ऑक्टोबर, रविवार

बाबांचा रविवार म्हणजे रविवार. शनिवारी संध्याकाळीच दुकानाला कुलूप, चूल बंद, मक्याची भाकरी गार. प्रार्थनेशिवाय घराबाहेर पाऊल नाही. एकदा दुकानात पुराचं पाणी शिरलं, फळ्या तरंगत दाराबाहेर आल्या, आणि हे ओसरीवर बायबल वाचत बसलेले! दादा हसून हसून लोळला होता. "मला मरणापासून पळायचं झालं," म्हणायचा, "तर रविवारी बाबांच्या दुकानात लपेन. तिथं कुणी फिरकत नाही."

१३ ऑक्टोबर, गुरुवार

पहिली पिंपं नदीत गेली. जेवताना बाबा म्हणाले, "मेणबत्त्यांना चरबी उरली नाही. जाते कुठं?"

"उंदीर झालेत," म्हटलं.

"बरेच मोठे दिसतात."

अंधारात जेवलो. त्यांचं तोंड दिसलं नाही तेच बरं.

१८ ऑक्टोबर, मंगळवार

आयझॅम पळाला. हार्गेटांची कुत्री दिवसभर काठ हुंगत होती. हातोडा मात्र पुसून जागेवर ठेवून गेलाय. पोचू दे त्याला.

२१ ऑक्टोबर, शुक्रवार

क्रंपलर परत. सोमवारी एक सुरुंग वर काढून उघडून बघणार, दुकानाचीही झडती घेणार. खालच्या गावात एकानं लबाडी केली, त्याला झाडाला टांगलंय म्हणे. मग माझ्याकडे वळून, "घाबरलात की काय?"

"राळेच्या धुरानं डोळे चुरचुरतात."

चरबीचं मडकं दुकानातच आहे, कढईमागच्या फळीखाली. शेजारी चरबीत माझी बोटं उमटलेली दोन अर्धवट पिंपं. आणि दारात याचा पहारेकरी बसवलाय, नजर हलवत नाही.

२२ ऑक्टोबर, शनिवार

दिवसभर जमलं नाही. मी दुकानात पाऊल टाकलं की पहारेकरी मागोमाग. संध्याकाळी बाबांनी कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली.

अंधारात बसलो होतो. बाबा म्हणाले, "केझिया, उंदरांचं मी बघतो."

"कुठले उंदीर, बाबा?"

"पिंप वाजवून बघितल्याशिवाय मी कधी सोडलंय का? पहिल्याच दिवशी कळलं." मग, "त्याचं नाव घेत नाही म्हणून तो माझा मुलगा नाही असं थोडंच आहे."

मी रडले. ते म्हणाले, पहारेकरी उद्या प्रार्थनेला जाईल, तेवढ्यात मडकं आणि ती पिंपं मी नाहीशी करतो. तू गावाबरोबर प्रार्थनेला जा, कुणाला शंका नको.

"पण उद्या रविवार आहे, बाबा."

"माहीत आहे मला."

२३ ऑक्टोबर, रविवार

प्रार्थना चालू असताना बोट आली. एकही सुरुंग फुटला नाही. मी मनात देवाचे आभार मानत होते तेवढ्यात तोफ उडाली. पहिलाच गोळा थेट आमच्या दुकानावर. राळेनं क्षणात पेट घेतला.

लोक मला धरून होते. म्हणत होते, "अगं, रविवार आहे, दुकानात कोण असणार?"

बाबा सापडले तेव्हा किल्ली मुठीत होती त्यांच्या.

२४ ऑक्टोबर, सोमवार

क्रंपलरची माणसं पळाली. बाबांना आतल्या खोलीत निजवलंय. दुपारी दादा आला, यांकींचा निळा कोट घालून, उंबऱ्यातच मला मिठी मारली. आयझॅम सुखरूप आहे म्हणाला, त्यांच्याच बोटीवर. सुरुंग बोटीच्या पोटाला घासून गेले, फुटले कसे नाहीत देव जाणे.

मग म्हणाला, "दुकान मीच दाखवलं तोफवाल्यांना. नाहीतर ते सुरुंग होतच राहिले असते. त्यांना शनिवारीच यायचं होतं, केझी. मी हातापाया पडून एक दिवस थांबवलं. रविवारी दुकानात कुणी नसतं म्हटलं."

आणि आतल्या दाराकडे बघत, हळूच — "बाबा कुठंयत? अजून रागावलेत का माझ्यावर?"