मेंदूच्या नसेचं अस्तर

४ नोव्हेंबर
काल कापड कापता कापता उजवा हात एकदम लुळा पडला. थोड्या वेळानं आपोआप बरा. तरी बायकोनं, रत्नमालानं वाशीमला नेलंच. डॉक्टर म्हणाले, देवमनराव, मेंदूच्या नसांना आतून पेशींचा पातळ थर असतो. तो रक्त गोठू देत नाही, नस सैल ठेवतो. बिडी आणि बीपीनं तुमचा थर खराब झाला, एक नस अरुंद झाली.
म्हणजे अस्तर! इथं वाशीमजवळच्या मालेगावात कोट शिवण्यात जिंदगी गेली. अस्तर हा आपलाच विषय.
बिडी आजपासून बंद. गोळी रोज.

६ नोव्हेंबर
बिडी बंद. फक्त सकाळची चालू. ती पोटासाठी, म्हणजे औषधातच धरायची.

९ नोव्हेंबर, सकाळी
वॉकिंग सुरू. बसस्टँडपर्यंत. तिथं चहा, भजी. येताना ऑटो. पहिल्याच दिवशी अस्तरावर ताण नको.

१७ नोव्हेंबर
बीपी नॉर्मल! गोळी बंद. रत्नमाला म्हणाली, गोळीनंच तं नॉर्मल आला असन. तिला मेडिकलमधलं काय कळतं?

२३ नोव्हेंबर
अकोल्याहून मुलीचा, धम्मदीपाचा फोन. बाबा, बिडी ओढून राह्यले का? ठासून नाही म्हटलं. खोटं बोलल्यानं बीपी वाढतो, म्हणून नंतर एक ओढली. शांत वाटलं.

१ डिसेंबर, दुपारी
संध्याकाळी बुद्धविहारात नसेच्या अस्तरावर बोलणार. लोकांना ज्ञान नाही. तयारी जोरात.

१३ डिसेंबर
डाव्या हातानं लिहितोय. अक्षर कोंबडीचे पाय.
त्या दिवशी भाषणात जीभ जड झाली. वाटलं, रंगलं भाषण. तेवढ्यात समोर बसलेल्या पंचफुलाबाई ओरडल्या, देवमनभाऊचं तोंड वाकडं होऊन राह्यलं, गाडी बोलवा! डॉक्टर म्हणाले, रक्ताची गाठ अडकली होती. वेळेत आणलं म्हणून निभावलं. गोळी कोणी बंद केली, हेही विचारलं. मी छताकडे पाहिलं.
उजव्या हाताला अजून कैची पेलत नाही. दुकान रत्नमाला बघते, कापणं-शिवणंही तीच. आता गोळी तीच देते आणि गिळेपर्यंत समोर उभी राहते.
आज गुलाबराव पोराचा लग्नाचा कोट न्यायला आले. मी पडद्यामागं खाटेवर. त्यांनी कोट उलटापालटा करून बराच वेळ पाहिला. म्हणाले, वहिनी, देवमनले सांगजा, औंदा त्याचा हात लय सुधरला.
रत्नमाला म्हणाली, सांगीन.
मी झोपेचं सोंग घेतलं.