सारसांभोवतीचं भात

प्रिय सुजय,

तुझ्या पुस्तकाची कच्ची प्रत मिळाली. कागद सुंदर आहे. मजकुराबद्दल मात्र बोलायलाच हवं. गेल्या वर्षी इथे बख्शी का तालाबला माझ्याकडे, बहिणीकडे, जेमतेम आठवडाभर राहिलास आणि आमच्या भातशेतीचं अख्खं वर्ष लिहून मोकळा झालास! लावणीच्या पानावर तू धोबी पक्षी बसवला आहेस. अरे शहाण्या, तो येतो थंडीत, कापणी झालेल्या धसकटांत शेपटी हलवत. लावणीला असतात बगळे, आणि डोकं उठवणारे बेडूक. मुनियांचे थवे तर तू भात निसवायच्या आधीच उतरवलेस. दाणाच नाही, तर काय पाहुणचार झोडायला येतील त्या? तुझे भावजी एअर फोर्समधून रिटायर झाले तरी भाषा तीच, पान बघून म्हणाले, "यार, साले साहब ने तो मौसम की भी पोस्टिंग बदल दी."

इकडे भात गुडघ्याला आलंय, पाण्यावर चतुर भिरभिरताहेत आणि सारसांच्या जोडीने खालच्या खाचरात पुन्हा घरटं रचलंय. इथली रीत मी तुला तेव्हाही सांगितली होती. सारस बसला की त्याच्या भोवतीच्या भाताला कुणी हात लावत नाही, कापणीतसुद्धा तेवढं उभं ठेवतात. तू मान डोलावलीस. आणि मी निशातगंजला बाजारात गेले तेवढ्यात विळा घेऊन घरट्यासमोरचं भात साफ केलंस, कारण म्हणे फोटोत पाती मध्ये येत होती. कलावंत ना तू! फोटो काढलास, चहा प्यायलास आणि संध्याकाळच्या गाडीने निघून गेलास.

नंतर घरट्यातल्या अंड्यांचं काय झालं, हे तू एकदाही विचारलं नाहीस. आडोसा गेल्यावर जोडी बिथरून लांब उभी राहिली. दुसऱ्या सकाळी कावळ्यांनी दोन्ही अंडी फोडली. मादी कितीतरी दिवस त्याच जागी येऊन उभी राहायची. मला ते बघवायचं नाही, आणि तुझा इतका राग यायचा की तुझा फोन उचलवत नसे.

आणि आता तुझ्या अर्पणपत्रिकेत वाचते, 'मधुताईच्या शेतात जन्मलेल्या दोन पिल्लांना.' माझं नाव काढ. पिल्लंही काढ. पुढच्या आठवड्यात प्रकाशकांना सारस दाखवायला आणतोयस म्हणे. घरी या, पोटभर वाढीन. शेतात मात्र पाऊल टाकायचं नाही. परवापासून मादी अंड्यांवर बसली आहे, आणि बांधावर मी बसते आहे.

तुझीच,
मधुताई