धवल्यांची सीडी

शहापूर,
ता. २२ सप्टेंबर २००३

ती. सौ. देवकीताईस शेखरचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सगळं ठीक. भूमिकाला ताप होता, उतरला. दुकान आणि संसार दोन्ही तीच ओढते, मी नुसता खुर्चीत, असं ती तुला कळवायला सांगते. आईच्या तब्येतीचं सविस्तर लिही. म्हशाच्या जत्रेला म्हणून तुझ्याकडे आली आणि तिथंच अंगावरून वारं गेलं, तेव्हापासून तिचं सगळं तूच करतेस. चार गावांची धवलारीण ती, तिनं धवला गायल्याशिवाय कुणाची हळद लागत नव्हती. तिची वाचा गेली हे अजून मनाला पटत नाही.

पत्राचं कारण वेगळं. दुकानातला कॉम्प्युटर आतून खरखरतोय, कधीही बसेल. मी आईला माइकसमोर बसवून भरलेली लग्नाची सगळी गाणी त्यातच आहेत. म्हणून ती सीडीवर उतरवली. दोन सीड्या मधेच फुकट गेल्या, तिसरी लागली. कोंडूमामांबरोबर पाठवतोय. समीक्षाच्या हळदीला मांडवात हीच लावायची. भाचीला आजीचाच धवला मिळाला पाहिजे. जपून ठेव.

लेकीच्या लगीनघाईत भावावरचा लोभ आटू देऊ नये.
तुझा शेखर

म्हसा,
ता. ९ ऑक्टोबर २००३

चि. शेखरास देवकीचे अ. उ. आ.

सीडी पोचली ती देव्हाऱ्यात ठेवली. दसऱ्याला विळे-कोयते पूजायला घेतले तवा मनात आलं, आईचं हत्यार तर ह्याच हाय. मग तीपण पाटावर मांडली. चकचकीत बाजू म्हणजे तिचं तोंड, असं समजून ती वर केली, ओलं हळद-कुंकू लावलं, आपट्याची पानं वाहिली. आईला दाखवली तर बघतच राहिली.

दुसऱ्या दिवशी कुंकू निघंना. मग घरचे देव घासतो तशी चिंच आन् राख लावून काथ्यानं घासली. समीक्षा कॉलेजातनं आली नि कपाळाला हात लावून खालीच बसली. शेजारच्या देवरामभाऊंच्या यंत्रात लावून बघितली, नुसती गरगर फिरते, आवाज नाय. मला काय ठाव रे. तुज्या कॉम्प्युटरात हायेत ना, दुसरी करून धाड. तवर माज्या जिवाला चैन नाय.

चिडलास तरी चालंल, पण बहिणीला टाकू नको.
तुजी देवकीताई

शहापूर,
ता. १६ ऑक्टोबर २००३

ती. देवकीताईस सा. न.

तुझं पत्र वाचलं आणि शटर ओढून आत बसून राहिलो. ताई, कॉम्प्युटर नवरात्रातच बसला. कल्याणला नेला, तर तिथल्या माणसानं सांगितलं की डिस्क गेली, आतलं काही निघणार नाही. मी त्याला मोठ्या तोऱ्यात म्हणालो की काही काळजी नाही, ताईकडे सीडी आहे.

खूप रागावून लिहिलं होतं, ते फाडलं. पूजेचा राग नाही गं. तुझ्या जागी आई असती तर तिनंही तेच केलं असतं. सीडी कोंडूमामांकडे दे, मी खटपट करतो. पण आशा धरू नको. आणि आईला कळू देऊ नको. तिचा आवाज म्हणून तेवढंच उरलं होतं.

रागातही माया असते, ती ओळखून घ्यावी.
शेखर

म्हसा,
ता. २० डिसेंबर २००३

चि. शेखरास अ. उ. आ.

सीडीतून काय निघालं नाय, हे तुजं पत्र मिळालं. आईपासून लपव म्हणालास. पण रडणारी मी नि समोर खाटेवर ती, लपवू कुठं? तिला सगळं कळलं.

भात झोडून झाल्यावर एके संध्याकाळी तिच्या पायाला तेल लावत होते. हळदीचा धवला आठवतो का बघावं म्हणून तोंडातल्या तोंडात म्हणाले. दुसऱ्या ओळीला तिनं धडधाकट हात खाटेच्या लाकडावर ठाणकन आपटला. मला वाटलं पाणी पायजे. पाणी दिलं तर तोंड फिरवलं. पुन्हा म्हणाले, पुन्हा आपटला. मग मी ओळ फिरवून म्हणाले, तर हात थांबला. तवा माज्या डोक्यात उजेड पडला.

आता रोज बसतो. चुकलं की ठोका, बरोबर आलं की गप. लहानपणी पाठीत धपाटा घालायची तोच हात रे. माजा गळा फाटका, पण हळदीला मीच उभी राहणार. लोक हसले तर हसूंदे. तू माइक घेऊन ये.

मामाशिवाय मांडव सुना, एवढं ध्यानात ठेव.
तुजी देवकीताई

शहापूर,
ता. १० एप्रिल २००४

ती. देवकीताईस शेखरचा शि. सा. न.

आईचं तेराव्यापर्यंतचं सगळं उरकून आलो, पण दुकानात लक्ष लागत नाही. घरात शिरलो की वाटतं, तुला पत्र लिहून विचारावं, आई जेवली का. काल धीर करून समीक्षाच्या हळदीला माइकवर भरलेलं ऐकलं. पाच सीड्या केल्या आहेत आणि पाच घरांत ठेवणार आहे. तुझी सोबत पाठवतोय. पूजा करायची तर सीडीच्या डबीची कर, बाई.

सुरुवातीला तुझा आवाज कापतो. मग मांडवातल्या बायका मागून उचलतात आणि तू सुटतेस. मधे दोनदा आईचा हात मांडवात आणलेल्या खाटेवर वाजलेला ऐकू येतो, तिथं तू थांबतेस आणि ओळ फिरवून घेतेस. इथला स्टुडिओवाला म्हणाला की ती ठकठक काढून टाकता येते, गाणं एकदम स्वच्छ होईल. मी त्याला सांगितलं, बाबा, हवं तर गाणं काढ, पण तिला हात लावू नको. आमची आई बोलतेय ती.

आता आशीर्वाद द्यायला तूच उरलीस, हात राखून देऊ नकोस.
तुझा शेखर