पाय जमिनीवर असलेली विमानसेवा

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार, विनंती विशेष. (विनंती अगदी शेवटी आहे. आधी शेवटचं पान बघायची तुझी सवय माहीत आहे, म्हणून बजावतो.) आईचे गुडघे काय म्हणतात? तुझा राग कसा आहे, उताराला लागला की अजून चढतोच आहे? अक्षर फार वाकडंतिकडं आलंय, त्यावरून मला शाळेतल्यासारखं झापू नकोस. त्याला कारण आहे, ओघात येईलच.

कंपनीला दहा वर्षं झाली म्हणून तुझ्या यजमानांनी, म्हणजे आमच्या दाजींनी, स्मरणिका काढायचं ठरवलं आणि कंपनीच्या वाटचालीचा इतिहास माझ्या गळ्यात मारला. (माझा हुद्दा जनसंपर्क अधिकारी. विमान उशिरा आलं की लोक ज्याच्या अंगावर धावून जातात, तो.) मी इमानाने लिहिलं, की दाजींच्या बस होत्या, त्यांनी बसच्या पैशातून एक जुनं छोटं विमान घेतलं आणि ते बससारखंच चालवलं. भरल्याशिवाय सुटायचं नाही. एकदा तर लग्नाचं अर्धं वऱ्हाड यायचंय म्हणून नवरदेवाला आत बांधून दोन तास बसवलं होतं. दाजींनी ते खोडून 'प्रवाशांशी कौटुंबिक जिव्हाळा' असं केलं. पुढे दुसरं विमान आलं ते पहिल्याला सुटे भाग पुरवायला. ते आजतागायत उडालेलं नाही, त्याचं एक चाकही पहिल्याला लावलंय; पण स्मरणिकेत 'ताफा दुप्पट झाला' असं छापून येणार आहे. तिसऱ्या गावची सेवा तर ढगांमुळे सुरू झाली. कॅप्टन चुकून भलत्याच गावी उतरला, तिथल्या लोकांनी हार घातले, आणि दाजी म्हणाले, आता रोज चुकत जा.

एवढ्या खोडाखोडीत माझं एकच वाक्य जसंच्या तसं राहिलं: 'इतकं यश मिळूनही संस्थापकांचे पाय कायम जमिनीवरच राहिले.' दाजींना ते फार आवडलं. त्यातली ग्यानबाची मेख त्यांना कळली नाही, तुला कळेल. लोक उंटावरून शेळ्या हाकतात. आमच्या दाजींनी दहा वर्षं शेळीवरून उंट हाकले.

पहिल्या उड्डाणाला तुला नि आईला पुढच्या खुर्चीत बसवून स्वतः 'जमिनीवरची व्यवस्था बघायला' मागे राहिले, तेव्हा आपण कौतुकाने हात हलवला होता. आईच्या आजारपणानंतर ते तुला माहेराहून न्यायला आले, तेव्हाही आपण त्यांचं वाटेतलं आकाशवर्णन तोंडात बोट घालून ऐकत होतो. आणि तेवढ्यात बसचा ड्रायव्हर दारात आला, शेठ, तुमची उशी गाडीत राहिली म्हणून. पाहुण्यांसमोर गेलेली लाज दाजी विसरले असते, पण तू जे बोललीस ते नाही विसरले. "मला नि आईला वर पाठवताना भीती नाही वाटली? स्वतःच्या विमानात बसून न्यायला या, तेव्हाच येईन." ताई, तुझं चुकलं असं मी तेव्हा म्हणालो नाही, आताही म्हणत नाही.

आज सकाळी दाजी विमानात बसले. कानात कापूस, डोळे मिटलेले, पट्टा इतका आवळलेला की चेहरा जांभळा. इंजिन घरघरलं, विमान थरथरलं, कसलासा लाल दिवा लागला आणि कॅप्टनने सगळं बंद केलं. लोक शिव्या देत उतरले. शेवटी मी दाजींना हलवलं. ते उतरले, खोल श्वास घेतला आणि म्हणाले की या गावची हवा फार चांगली आहे. फाटकावरच्या आपल्या वॉचमनने सलाम ठोकला, तेव्हा त्याला विचारलं, "अरे, तुझी बदली इकडे कधी झाली?"

कोणी हसलं नाही, कारण पगार त्यांच्याच हातात आहे. खरं काय ते मला सांगावं लागलं. दाजी बराच वेळ विमानाच्या पायरीवर बसून राहिले. मला वाटलं, आता बसस्टँड गाठतील. पण मेकॅनिक हात पुसत आला तसे उठले आणि मला म्हणाले, "तू शेजारी बस. माझा हात धर, आणि कुणाला सांगू नकोस."

म्हणून मी कुणालाही सांगितलेलं नाही. फक्त तुला लिहितोय.

आईला नमस्कार सांग.

तुझा,
धाकटा

ता. क. अक्षराचं कारण: माझा उजवा हात दाजींनी घट्ट धरलाय, सोडायला तयार नाहीत. हे सगळं मी डाव्या हाताने मांडीवर लिहितोय. खाली ढग आहेत. संस्थापकांचे पाय आत्ता जमिनीवर नाहीत.

ता. क. दुसरा. या पाकिटावर तिकीट नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेलच. ते मी दाराखालून सरकवलंय. दाजी बाहेर उभे आहेत, कानातला कापूस अजून काढलेला नाही. ताई, दार उघड. ही माझी विनंती.

ता. क. शेवटचा. सामान फार घेऊ नकोस. दाजींनी परतीची तिकिटं रेल्वेची काढली आहेत. म्हणतात, अट फक्त यायची होती.