बावड्याचं बकरं

आबा,

काल दुपारी मी तुमच्या नातीच्या आमटीत मटणाचं पाणी मिसळायला निघाले होते. पळी भरून हातात होती. तेव्हापासून तुमच्याशी एकदाचं भांडून घ्यावं असं वाटतंय आणि तुम्ही तर भांडणाच्या पार पलीकडं जाऊन बसलात. वीस वर्षं होऊन गेली त्याला. सकाळपासून दोनदा चहा उतू गेला, एकदा कुकरला शिट्टीच लावली नाही. शेवटी म्हटलं, बसावं आणि लिहून मोकळं व्हावं.

तुम्ही तिला पाहिलं नाहीत. हट्टाला तुमच्यावर गेलीय. पुण्याला शिकते. सुट्टीला इथं घरी, बारामतीला आली ती जिना चढताना मधेच खाली बसली. डॉक्टर म्हणाले, रक्त फार कमी आहे. गोळ्या लिहून दिल्या आणि वर म्हणाले, घरात चालत असेल तर कलेजी, मटण द्या, लवकर भरून निघेल. चालतं हो घरात! हिलाच चालत नाही. गेल्या वर्षी कॉलेजातून भिगवणच्या बाजूला कुठल्याशा पोल्ट्रीच्या शेडमध्ये गेली होती. तिथल्या कोंबड्या इतक्या भराभर वाढवलेल्या, की त्यांच्या पायांना त्यांचंच वजन पेलत नव्हतं म्हणे. आली ती सोडूनच आली. मटण, चिकन, मासे, सगळं. वरून मला शिकवते, आई, एवढ्या जनावरांना घालायला किती रान लागतं, किती पाणी लागतं, कधी विचार केलास का? तिकडं तुमच्या जावयांना दुसऱ्या डॉक्टरांनी मटण बंद केलंय, काळजासाठी. म्हणजे घरात ज्याला खायचंय त्याला खायचं नाही आणि जिला खायला पाहिजे ती खात नाही. मी मधे उभी, पळी घेऊन.

पाण्याचं ती बोलली तेव्हा मला तुम्ही आठवलात आणि मी चिडलेच तिच्यावर. म्हटलं, आमची मेंढरं कुणाचं पाणी पीत होती गं? माळावर जे आपोआप उगवायचं ते खायची. शेतकरी हातापाया पडून आपला कळप, आपली खांड, वावरात बसवायला न्यायचे, खत मिळावं म्हणून, आणि बदल्यात पायलीनं जोंधळा द्यायचे. मग आपल्या शेळगावच्या शिवारात कालव्याचं पाणी फिरलं, ऊस आला आणि बघता बघता चरायचा माळ फडाखाली गेला. तुम्ही बांधाबांधानं मेंढरं फिरवताय, कुणी ना कुणी शिव्या घालतंय, आणि तुम्ही काही न बोलता एकेक करून खांड विकताय, हे मी शाळेतून येताना बघत होते. ऊस शाकाहारीच ना? पण आपली खांड त्यानं खाल्ली. हे मी तिला ऐकवलं. ती म्हणाली, "मग तू दुकानातून आणतेस ती कोंबडी कुठल्या माळावर चरलेली असते?"  

आणि दुकानाचा विषय निघाला की मला तुमची ती अदलाबदल आठवते. जत्रेला देवाला बोललेला मेंढा, तुमच्या तोंडी बकरं, आपण घरी वर्षभर वाढवायचा, भाकरीचा तुकडा आपल्या हातानं भरवायचा, आणि जत्रा आली की तुम्ही तो घेऊन चालत बावड्याला जायचात, तिथं मेंढरं राखणाऱ्या तात्यांकडं. त्यांचा मेंढा आपण आणायचा, आपला त्यांना द्यायचा. हातानं चारलेलं तोंडात जात न्हाय, असं तुमचं म्हणणं. देवाला जीव पोचतो, मालक कोण ते तो विचारत नाही. दावंसुद्धा जनावराबरोबरच जायचं, कारण गळ्यात ओळखीचं दावं असलं की परक्या दारात ते लवकर निवतं. मला लहानपणी हे फार मायेचं वाटायचं. आता वाटतं, जीव तर दोन्ही दारात जायचाच, फक्त रडणारं माणूस कुठल्याच दारात उरायचं नाही. मग दुकानात काय वेगळं होतं? सगळ्यांनी मिळून एवढी मोठी अदलाबदल केलीय, की आता कुणालाच आपल्या हातानं चारलेलं खावं लागत नाही. यात माया कुठली आणि पळवाट कुठली, ते तुम्हाला तरी कळलं होतं का, आबा?

मी आजारी पडले त्या वर्षीचा मेंढा कपाळावर पांढरा ठिपका असलेला. नव्वद साल उलटून गेलं होतं, मी सातवीत असेन. त्याचं दावं मीच वळलं होतं, आईच्या फाटक्या लुगड्याचे हिरवे काठ घालून. तो माझ्या दप्तरात तोंड घालायचा, एकदा भूगोलाचं अर्धं पुस्तक खाल्लं त्यानं. मग मला विषमज्वर झाला. महिनाभर अंथरुणाला होते. ताप गेला, पण अन्नावरची वासना गेली ती परत येईना. भाताचा वास आला तरी उलटी. इंदापूरच्या डॉक्टरांनी माझा दंड दोन बोटांत धरून तुम्हाला दाखवला आणि म्हणाले, मटणाची आळणी पाजा हिला, साधं बिनतिखटाचं पाणी, आणि जमेल तसं मटण खाऊ द्या. एसटीत तुम्ही मला मांडीवर घेऊन बसला होता, एवढी मोठी मुलगी. कंडक्टर हसला तर तुम्ही त्याच्याकडं असं बघितलं की तो तिकिटाचं विसरूनच पुढं गेला.

जत्रेच्या आधी तुम्ही मेंढा घेऊन बावड्याला गेलात. मी अंथरुणातूनच त्याला बघितलं, तो दारात अडून मागं वळून बघत होता. जत्रेदिवशी मला देवळाकडं नेलं नाही. दुपारी तिथून मटणाचं भांडं घरी आलं. घरभर तो वास आणि कितीतरी दिवसांनी मला भूक लागली. तुम्ही माझ्या शेजारी येऊन बसलात. मी विचारलं, "आबा, ह्यो कुनाचा?"

"बावड्याचं बकरं हाय. तात्याचं."

"मग घरी कसं न्हाय आनलं?"

"थेट देवळाकडंच न्हेलं. तू आजारी, घरात घाण नको म्हनून. खा गुमान."

आई पलीकडं भाकरी थापत होती. एरवी मधे मधे बोलल्याशिवाय तिला राहवायचं नाही, त्या दिवशी तव्यावरून नजर हलवली नाही तिनं. मी आधी आळणी प्याले, मग फोडी खाल्ल्या. माझ्या धाकट्या भावानं एक हाडूक अर्धवट चोखून ताटाबाहेर ठेवलं, तर तुम्ही केवढ्यानं ओरडलात त्याच्यावर. "ताटाभाईर टाकायचं न्हाय! जीव गेलाय त्येचा. उष्ट्यात पडायला गेलाय व्हय त्यो?" पोरगं रडायला लागलं. आपल्या घरात तुमचा आवाज असा चढलेला मी कधी ऐकला नव्हता, तोसुद्धा एका हाडकासाठी. मग तुम्ही स्वतः जेवलात, सावकाश, खाली मान घालून. शेवटी ताटात पाणी घालून ते पाणीही प्यालात. मला वाटलं होतं, तुम्ही शिवारातल्या कुणाचा तरी राग त्याच्यावर काढताय.

खरं कळलं ते तुमच्या दहाव्याला. तात्या आले होते बावड्याहून, काठी टेकत. मला बाजूला घेऊन म्हणाले, "पोरी, आता सांगाय हरकत न्हाय. त्या साली तुजा बा आला खरा माज्याकडं, पर मी समदी मेंढरं आधीच इकली हुती. बदल्यात देऊ काय? म्हनलं, इंदापूरच्या बाजारातनं घे येखादं. तर म्हनला, बाजारातल्या जनावराला काय रोग हाय, कुनी काय चारलंय, कुनाला ठावं? आजारी पोरीच्या पोटात काय घालू मी? अन् त्योच मेंढा घिऊन माघारी गेला. जाताना म्हनला, तात्या, पोरीला कळता कामा न्हाय. कळलं तर तोंडाला लावायची न्हाय ती."

आबा, तुम्ही खोटं बोललात माझ्याशी. मी त्या जेवणानं उठून बसले, हेही खरं. पंधरा दिवसांत शाळेत गेले. ही दोन वाक्यं मी इतकी वर्षं शेजारी शेजारी ठेवून बघतेय, ती काही एकमेकांत मिसळत नाहीत. राग करावा तर अंगावरचं मांस तुमच्या बाजूनं बोलतं. आणि राग करू नये म्हटलं, तर दारात मागं वळून बघणारा तो दिसतो.

म्हणून काल पळी हातात धरून मी थांबले. पोरगी आत झोपली होती. आमटीला लसूण, काळा मसाला चांगला सढळ घातला होता, तिला कधीच कळलं नसतं. मला तुमचाच आवाज ऐकू येत होता, खा गुमान. आणि मी काय केलं असेल? मी हाक मारली तिला. ती डोळे चोळत आली. मी म्हटलं, "या आमटीत मी आळणी घालणार होते. तुला न सांगता."

तिनं एकदा पातेल्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं.

"घातलीस?"

"नाही."

"मग वाढ. भूक लागलीय."

एवढंच. पुन्हा विचारलं नाही, वास घेऊन बघितला नाही. वाटी तोंडाला लावली आणि पिऊन टाकली. मला रडूच आलं, आबा. मी तुमच्या जागी असते तर माझी पोरगी मेली असती का वाचली असती, मला ठाऊक नाही. हिच्याकडं निदान गोळ्या आहेत, खजूर आहे, अळिवाचे लाडू मी करतेय, परवा पुन्हा रक्त तपासायचंय आणि तोवर माझ्या जिवाला थारा नाही. तुमच्याकडं काय होतं? एक मेंढा आणि एक थाप. आळणीचं म्हणाल, तर ती तुमच्या जावयांनी मी पाठ फिरवल्यावर पिऊन टाकली, डॉक्टरला न सांगता.

जेवल्यावर मी तिला ही सगळी गोष्ट सांगितली. तिनं विचारलं, "आई, तुला त्या दिवशी खरं कळलं असतं तर?" मी म्हटलं, "नसतं खाल्लं." ती मान हलवून म्हणाली, "वाटलंच मला." आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं.

तिला वाटतं, माझ्यावर गेलीय ती. हा कागद काही कुठं जायचा नाही, म्हणून तुम्हाला सांगते. त्या दिवशी ताटावर बसायच्या आधी मी भिंतीला धरून पाणी प्यायला उठले होते. बावड्याला जायला हवं होतं ते दावं खुंटीवर लटकत होतं, हिरव्या काठांचं. मी ते हातात घेऊन बघितलं. मग जागेवर येऊन बसले, तुम्ही शेजारी आलात, विचारायचं म्हणून विचारलं, आणि तुम्ही बावड्याचं म्हणालात तेव्हा मला इतकं बरं वाटलं, की मी दुसऱ्यांदा मागून घेतलं.